पाळीपलीकडचे पॅड : एका न मोजलेल्या गरजेचे अर्थकारण



सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करताना एक प्रश्न नेहमी विचारावा लागतो. शासन एखादी वस्तू नागरिकांपर्यंत पोहोचविते, तेव्हा ती कोणत्या गरजेसाठी पोहोचविते आणि लोक ती प्रत्यक्षात कोणत्या गरजेसाठी वापरतात? या दोहोंत अंतर पडले की योजनेचे आकडे समाधानकारक दिसतात, परंतु गरजेचा मोठा भाग मोजणीबाहेर राहतो. सॅनिटरी पॅड हे या अंतराचे बोलके उदाहरण आहे.

सॅनिटरी पॅड म्हटले की किशोरवयीन मुलगी, शाळा आणि मासिक पाळी या तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मासिक पाळी स्वच्छता योजना 2011 मध्ये सुरू झाली, ती 10 ते 19 वयोगटातील ग्रामीण मुलींसाठी. 17 राज्यांतील 107 जिल्ह्यांत सहा नॅपकिनचे पाकीट सहा रुपयांना आशा कार्यकर्तीमार्फत देण्याची व्यवस्था त्यावेळी करण्यात आली. पुढे 4 जून 2018 रोजी जनऔषधी केंद्रांतून ‘सुविधा’ नॅपकिन अडीच रुपयांना मिळू लागले आणि 27 ऑगस्ट 2019 पासून त्याची किंमत एक रुपया करण्यात आली. या प्रयत्नांच्या काळातच पाळीच्या स्वच्छतेचे चित्रही पालटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) पाळीच्या काळात स्वच्छ साधने वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 57.6 टक्के होते. पाचव्या फेरीत (2019-21) ते 77.3 टक्क्यांवर गेले. शहरी भागात ते 89.4 टक्के, तर ग्रामीण भागात 72.3 टक्के आढळले. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे.

मात्र स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासकाने या आकड्याचा छेद काळजीपूर्वक पाहावयास हवा. हा प्रश्न 15 ते 24 या वयोगटातील स्त्रियांनाच विचारला जातो आणि तो केवळ पाळीपुरता असतो. पंचविशीनंतरची स्त्री, बाळंतीण, पाळी गेलेली स्त्री, अंथरुणाला खिळलेला वृद्ध यांपैकी कोणीही या आकड्यात नाही. वास्तविक पाळीखेरीज अनेक कारणांसाठी पॅड वापरले जाते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, गर्भपातानंतरचा रक्तस्राव, तांबी बसविल्यानंतरच्या महिन्यांतील जादा स्राव, अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे, लघवीवर ताबा न राहणे, शस्त्रक्रियेनंतरचा पाझर अशी ही यादी आहे. राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात 2017 पासून ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे गर्भनिरोधक इंजेक्शन उपलब्ध करून देण्यात आले. त्याचा नेहमी आढळणारा परिणाम म्हणजे अनियमित रक्तस्राव, आणि हे इंजेक्शन मध्येच सोडून देण्याचे ते एक महत्त्वाचे कारण ठरते. म्हणजे शासनाच्या एका कार्यक्रमातून जी गरज निर्माण होते, तिची दखल दुसऱ्या कार्यक्रमात घेतली जात नाही.

पॅडचे मूळ : जखम आणि बाळंतपण

पॅड ही केवळ पाळीची वस्तू आहे, ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यात तयार झालेले टॉवेल बाजारात आले, तेव्हा घरगुती बाळंतपणासाठी विकल्या जाणाऱ्या प्रसूती-संचांतील निर्जंतुक पट्ट्या हा त्यांचा एक उगम होता. पहिल्या महायुद्धात लाकडाच्या लगद्यापासून तयार केलेला शोषक थर सैनिकांच्या जखमांवर बांधण्यासाठी वापरला गेला. रुग्णालयांतील परिचारिकांनी तोच थर पाळीच्या काळात वापरावयास सुरुवात केली. युद्ध संपल्यावर उरलेल्या मालासाठी नवी बाजारपेठ शोधणाऱ्या उत्पादकांनी 1920 मध्ये त्यातूनच ‘कोटेक्स’ हे पॅड अमेरिकेत विक्रीस आणले. थोडक्यात, पट्टी आधी आणि पॅड नंतर, असा हा क्रम आहे.

आपल्याकडील घरगुती व्यवहारही याहून वेगळा नव्हता. घरातील गरोदर स्त्रीचे दिवस भरत आले की जुनेर धुऊन, उन्हात वाळवून, घड्या करून ठेवले जाई. त्याच कापडातून बाळाची दुपटी, बाळंतिणीच्या घड्या आणि घरातील आजारी म्हाताऱ्या माणसाखाली घालावयाच्या चौघड्या निघत. कापड एक आणि उपयोग अनेक, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते. स्वच्छ पाणी, उन्हात वाळविण्याची मोकळीक आणि पुरेसे सुती कापड यांची वानवा असे, हा त्या व्यवस्थेतील दोष होता. सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतल्यावर शोषून घेणारे जुने कापडही घरातून नाहीसे झाले. पॅडची मागणी वाढण्यामागे जाहिरातीइतकाच हा बदलही कारणीभूत आहे.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

पाळीबाहेरच्या वापरात सर्वांत मोठा वाटा बाळंतपणाचा आहे. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मास येतात. प्रत्येक प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्ववत होईपर्यंत चार ते सहा आठवडे स्राव चालू राहतो. पहिले तीन-चार दिवस तो लाल व भरपूर असतो, नंतर फिकट तपकिरी होतो आणि शेवटी पिवळसर-पांढरा होऊन थांबतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली तरी हा स्राव टळत नाही. या काळात जंतुसंसर्गाच्या भीतीने टॅम्पॉन किंवा कप वापरता येत नाही. म्हणून बाळंतिणीसमोर पॅड किंवा स्वच्छ कापड एवढेच पर्याय उरतात.

आता साधा हिशेब करून पाहू. पाच दिवसांच्या पाळीत दिवसाला चार पॅड धरले तर महिन्याला वीस पॅड लागतात. बाळंतिणीला दिवसाला सरासरी चार पॅड तीस दिवस लागले, तर ही संख्या 120 होते. म्हणजे सहा महिन्यांच्या पाळीचे पॅड एका महिन्यात लागतात. पाच रुपयांचे एक पॅड धरले तरी हा खर्च 600 रुपयांचा होतो. याच महिन्यात त्या स्त्रीची मजुरी बंद असते, औषधे व येण्याजाण्याचा खर्च वाढलेला असतो आणि घरातील पैशांवर तिचा अधिकार बहुधा सर्वांत कमी असतो. अशा वेळी काटकसर पहिल्यांदा कोठे होते, हे वेगळे सांगावयास नको.

1 जून 2011 पासून लागू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय संस्थेतील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे व लागणाऱ्या उपभोग्य वस्तू विनामूल्य देण्याची तरतूद आहे. जेवणाची सोय साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत आहे. परंतु रुग्णालयातील मुक्काम संपतो तेथे ही हमी संपते, आणि स्राव मात्र पुढे महिनाभर चालू राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार 88.6 टक्के प्रसूती आता संस्थांमध्ये होतात. तेव्हा या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग उपलब्ध आहे, त्या मार्गाने काय पोहोचवावे एवढाच प्रश्न आहे.

येथे पॅडचे आणखी एक कार्य लक्षात घ्यावयास हवे. पॅड हे घरातील मोजमापाचे साधनही आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तो पहिल्या 24 तासांत होतो, तसा त्यानंतरच्या आठवड्यांत, घरी गेल्यावरही होऊ शकतो. एका तासात पूर्ण पॅड भिजत असेल, तर ती तातडीने रुग्णालय गाठण्याची खूण मानली जाते. फडकी, चिंध्या, जुनी चादर यांवर रक्त किती गेले, याचा अंदाज घरच्यांना येत नाही. एकसारख्या आकाराचे पॅड हाताशी असेल, तर निरक्षर सासूलाही ते मोजता येते. भारतातील मातामृत्यूचे प्रमाण 2014-16 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 130 होते, ते 2018-20 मध्ये 97 वर आले. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टानुसार 2030 पर्यंत ते 70 च्या खाली जावयास हवे. हा पुढचा टप्पा गाठताना रुग्णालयाबाहेरचे सहा आठवडे निर्णायक ठरणार आहेत.

लघवीवरील ताबा आणि चुकीचे साधन

दुसरा मोठा वापर अधिक अबोल आहे. खोकताना, शिंकताना, पाण्याची घागर उचलताना लघवीचे थेंब जाणे ही तक्रार अनेक बाळंतपणे झालेल्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत सर्वत्र आढळते. पुरुषांतही पुरःस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर ती उद्भवते. पक्षाघात, मणक्याची इजा, मधुमेह, स्मृतिभ्रंश अशा आजारांतही लघवीवरचा ताबा जातो. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या 10.38 कोटी होती. अधिकृत लोकसंख्या प्रक्षेपणानुसार 2036 मध्ये ती सुमारे 22.7 कोटी होईल. म्हणजे ही गरज येत्या काळात वाढतच जाणार आहे.

या गरजेसाठी घरात सहज उपलब्ध असलेले पाळीचे पॅड वापरले जाते. ते दुकानात मिळते, स्वस्त असते आणि मुख्य म्हणजे ते विकत घेताना लघवीची तक्रार उघड होत नाही. परंतु ते या कामासाठी घडविलेले नसते. संपूर्ण पाळीत होणारा रक्तस्राव बहुतेक स्त्रियांत 30 ते 80 मिलिलिटर असतो आणि तो सावकाश, काही दिवसांत होतो. सॅनिटरी नॅपकिनच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 5405 मध्ये, 1980 च्या आवृत्तीतील शोषणाची कसोटी मिनिटाला 15 मिलिलिटर या वेगाने सोडलेले 30 मिलिलिटर द्रव शोषून घेण्याची होती. याउलट एका वेळची लघवी 300 मिलिलिटरच्या घरात असू शकते आणि ती काही सेकंदांत येते. थेंबभर गळतीपुरते पाळीचे पॅड निभावून नेते, पण गळती जास्त असेल तर ते पृष्ठभागावर ओले राहते. ओल आणि लघवीतील अमोनिया यांमुळे त्वचा सोलवटते, पुरळ येतो आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दाबव्रणांचा त्रास वाढतो. म्हणून भारतीय मानक ब्युरोने प्रौढांच्या डायपरसाठी वेगळे मानक तयार केले आहे. वस्तू दिसावयास सारखी असली तरी तिचे काम वेगळे असते, हा येथील मुद्दा आहे.

स्वच्छतागृहाऐवजी पॅड

काही वेळा शरीरात कोणतीही व्याधी नसताना पॅड वापरले जाते. लांबचा प्रवास, दिवसभराचा बंदोबस्त, बाजारातील विक्री, शेतावरची मजुरी अशा ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसते. तेथे पाणी कमी पिणे, लघवी रोखून धरणे आणि सावधगिरी म्हणून पॅड लावणे हा मार्ग पत्करला जातो. लघवी रोखण्याने व पाणी कमी पिण्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर सार्वजनिक सोयीची उणीव येथे खासगी खर्चाने भरून काढली जाते, आणि हा खर्च बहुतांशी स्त्रियाच करतात. मुंबईत 2011 पासून महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ या नावाने जी मोहीम चालविली, तिने हाच विषमतेचा प्रश्न महानगरासमोर ठेवला. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांकडून मात्र पैसे, या प्रथेवर तिने बोट ठेवले. या संदर्भात पॅडचे वाटप हे स्वच्छतागृहाला पर्याय होऊ शकत नाही, हे स्पष्ट असले पाहिजे.

पॅड जेव्हा आजार झाकते

आता सर्वांत गंभीर बाबीकडे वळू. पॅड गैरसोय लपविते, तसा आजारही लपविते. पाळी जाऊन वर्ष लोटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे ही तपासणीची निकड सांगणारी खूण आहे. दोन पाळ्यांमध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे यांचीही दखल घ्यावी लागते. गर्भाशयमुखाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाची ती सुरुवात असू शकते. ‘पाळीच परत आली’ असे समजून स्त्री पुन्हा पॅड वापरू लागते आणि मोलाचे महिने निघून जातात.

2022 च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार भारतात त्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे 1.27 लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 80 हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. हा कर्करोग लवकर सापडल्यास बरा होऊ शकतो. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयोगटातील केवळ 1.9 टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी करून घेतल्याचे आढळले. पाळीतील स्वच्छ साधनांच्या वापराचे 77.3 टक्के आणि तपासणीचे 1.9 टक्के हे दोन आकडे एकाच सर्वेक्षणातील आहेत. वयोगट वेगळे असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. परंतु आपली आरोग्यव्यवस्था स्राव टिपून घेण्यात किती पुढे गेली आणि त्याचे कारण शोधण्यात किती मागे राहिली, हे त्यांवरून कळते.

या मौनाची नोंद महाराष्ट्रातच फार पूर्वी झाली आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, पण पूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. ‘अंगावरून जाते’ हे बाईच्या जन्माचे भोग समजून निमूट सहन केले जात होते. या अभ्यासाने स्त्रियांचे आरोग्य म्हणजे केवळ गर्भारपण व कुटुंब नियोजन नव्हे, हे जगाच्या लक्षात आणून दिले. कापडाच्या घडीच्या जागी पॅड आले म्हणून हे मौन आपोआप संपत नाही. उलट साधन जितके सोयीचे, तितके मौन बाळगणे सोपे होते.

लघवीच्या तक्रारीबाबतही हेच खरे आहे. खोकताना होणाऱ्या गळतीवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम हा प्राथमिक उपचार मानला जातो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये या व्यायामांची पद्धत मांडली. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली ते किमान तीन महिने नियमित केल्यास अनेक स्त्रियांना आराम पडतो. त्याला औषध लागत नाही की यंत्र लागत नाही. पॅडवर आयुष्यभर होणारा खर्च आणि हा व्यायाम शिकविण्याचा खर्च यांची तुलना केली, तर सार्वजनिक पैसा कोठे घालावा याचे उत्तर अवघड नाही.

कराच्या यादीतील शरीर

करव्यवस्था एखाद्या गरजेकडे कसे पाहते, हे दरपत्रकातून कळते. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर 12 टक्के दर होता. तत्पूर्वी सहा टक्के उत्पादन शुल्क व पाच टक्के मूल्यवर्धित कर धरून एकूण भार 13.68 टक्के असल्याचे वित्त मंत्रालयाने त्यावेळी स्पष्ट केले होते. देशभर झालेल्या मागणीनंतर जुलै 2018 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सॅनिटरी नॅपकिन करमुक्त केले. परंतु त्याच शीर्षकाखाली येणारे बालकांचे नॅपकिन व रुग्णांचे डायपर 12 टक्क्यांवरच राहिले. त्यांचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून पाच टक्के करण्यात आला.

याचा अर्थ असा की, एकाच प्रकारच्या शोषक वस्तूने रक्त टिपले तर कर शून्य आणि लघवी टिपली तर सात वर्षांहून अधिक काळ 12 टक्के, अशी स्थिती होती. किमतीतील फरकामुळे योग्य वस्तू सोडून अयोग्य वस्तूकडे वळणे, याला करप्रेरित पर्यायनिवड म्हणता येईल. 2025 च्या कपातीने हे अंतर कमी झाले, मात्र संपले नाही.

परीक्षार्थींनी येथे ‘करमुक्त’ आणि ‘शून्य दर’ यांतील भेदही समजून घ्यावा. शून्य दराच्या वस्तूवर उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मिळतो. करमुक्त वस्तूवर तो मिळत नाही. पॅडसाठी लागणारे शोषक पॉलिमर, प्लास्टिकचा पातळ थर व गोंद यांवर 2017 मध्ये 18 टक्के, तर लाकडाचा लगदा व न विणलेले कापड यांवर 12 टक्के कर होता. हा कर उत्पादकाच्या खर्चात मिसळतो आणि किमतीत दडून ग्राहकापर्यंत येतो. म्हणून करमाफीची घोषणा झाली तरी किंमत कराच्या संपूर्ण प्रमाणात उतरत नाही. बचत गटांच्या लहान उत्पादन केंद्रांना मोठ्या कारखान्यांच्या तुलनेत ही अडचण अधिक जाणवते.

कचऱ्याच्या नियमाचा धडा

वस्तूच्या उपयोगावरून तिची ओळख करणारा एक कायदेशीर दस्तऐवज भारतात झाला, तो कचऱ्याविषयीचा. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये सॅनिटरी कचऱ्याची जी व्याख्या करण्यात आली, तीत वापरलेले डायपर, सॅनिटरी टॉवेल, टॅम्पॉन आणि लघवी शोषून घेणाऱ्या चादरी यांचा एकत्र समावेश होता. त्या नियमांनी उत्पादकांवर वापरलेली वस्तू गुंडाळून टाकण्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारीही टाकली. वस्तू कोणत्या वयात, कोणत्या कारणासाठी वापरली, याची चौकशी या व्याख्येने केली नाही. शरीरातून येणारा द्रव टिपणारी वस्तू, एवढे तिला पुरेसे वाटले. जी समग्र दृष्टी टाकून दिलेल्या वस्तूबाबत दाखविण्यात आली, ती वापरणाऱ्या माणसाबाबतही दाखविता येईल.

अर्थात वापर वाढला की कचरा वाढतो. रस्त्यावर उघड्या हातांनी हा कचरा वेचणाऱ्या सफाई कामगारावर पडणारा भार हा बाजारभावात न दिसणारा बाह्य परिणाम आहे. म्हणून धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या सुती पॅडला, पाणी व वाळविण्याची जागा असेल तेथे, बाळंतपणाच्या उत्तरार्धात आणि थेंबभर गळतीसाठी स्थान द्यावयास हवे.

पुढील दिशा

वरील विवेचनातून चार उपाय पुढे येतात. त्यांसाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही.

पहिला उपाय बाळंतिणीसाठी आहे. घरच्या घरी नवजात बालक काळजी कार्यक्रमात संस्थेतील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी भेट देते. हे वेळापत्रक प्रसूतीनंतरच्या स्रावाच्या कालावधीशी तंतोतंत जुळते. या भेटींत बाळाच्या वजनाबरोबर आईला पॅड देणे आणि मागील भेटीनंतर किती पॅड भिजले, हे विचारून नोंदविणे शक्य आहे. पुरवठा आणि देखरेख ही दोन्ही कामे त्यातून साधतील.

दुसरा उपाय मोजणीचा आहे. सर्वेक्षणातील प्रश्नाचा वयोगट वाढवून प्रसूतीनंतरचा स्राव, लघवीवरील ताबा आणि रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव यांविषयी प्रश्न समाविष्ट करावयास हवेत. जे मोजले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

तिसरा उपाय चौकशीचा आहे. तिशीपुढील स्त्री किंवा वृद्ध व्यक्ती आरोग्य केंद्रात नियमितपणे पॅड मागत असेल, तर ‘कशासाठी’ हा प्रश्न आपुलकीने आणि एकांतात विचारला जावा. त्यातून कोणाला व्यायाम, कोणाला कर्करोगाची तपासणी, तर कोणाला योग्य प्रकारचे डायपर सुचविता येईल. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत लघवीच्या तक्रारीसाठी पॅड देण्यापूर्वी रुग्णाची तपासणी केली जाते, ती याच हेतूने.

चौथा उपाय कराचा आहे. रक्त आणि लघवी यांत भेद न करता वैद्यकीय गरजेच्या सर्व शोषक वस्तूंना समान वागणूक द्यावी आणि लहान उत्पादकांच्या कच्च्या मालावरील कराचा भार कसा हलका करता येईल, याचाही विचार व्हावा.

या उपायांवर खर्चाचा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. मात्र जनऔषधी केंद्रातील एक रुपया दराने 120 पॅडची किंमत ग्राहकाला 120 रुपये पडते. उत्पादनखर्च याहून अधिक धरला, तरी एका मातेच्या जिवावरचे संकट वेळीच ओळखण्यासाठी येणारा तो खर्च फार म्हणता येणार नाही. गरजू गटापासून, म्हणजे दुर्गम भागातील बाळंतिणींपासून, आरंभ करता येईल.

मित्रहो, विकासाचे निर्देशांक पाठ करताना प्रत्येक टक्केवारीमागे ‘कोण मोजले गेले’ हा प्रश्न जोडण्याची सवय अभ्यासकाने लावून घ्यावी. पंधरा ते चोवीस वयाच्या मुलीला पॅड मिळाले, ही देशाची खरी कमाई आहे. तीच मुलगी पुढे बाळंतीण होईल, प्रौढ होईल, वृद्ध होईल. खोकताना गळती होते म्हणून तिने लेकीच्या लग्नाला जाणे टाळू नये, आणि पाळी गेल्यानंतर दिसलेला रक्ताचा डाग तिने पॅडखाली दडवू नये. हे साध्य झाले, तर तो 77.3 चा आकडा तिच्या संपूर्ण आयुष्याला लागू पडेल.